भिंतीवरच्या रेघा आणि वहीतला हिशेब



तुमचा साक्षरतेचा वर्ग पुरा झाला. तुम्हांला वाचता येऊ लागले. सही करता येऊ लागली. आता बँकेत गेलात तर तुमच्यापुढे शाईची डबी सरकत नाही, पेन येते. याचा आम्हांला फार आनंद आहे.

पण आज आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. राग मानू नका. अंगठा उठवणारा माणूस निदान शेजारच्याला विचारतो, "बाबा, ह्यात काय लिहिलंय?" सही करणाऱ्याला विचारायची लाज वाटते. तो ऐटीत सही करतो आणि घरी येतो. कागदावर आकडा किती होता, व्याज किती होते, हे त्याने पाहिलेलेच नसते. मग अंगठा गेला नि सही आली, ह्यात फरक तो काय पडला? म्हणून आम्ही म्हणतो, अक्षरापाठोपाठ आकडा आला पाहिजे.

हिशेब म्हटला की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. पण खरे सांगू? हिशेब तुम्हांला येतो. आठवड्याच्या बाजारात वांगी चाळीस रुपये किलो असली आणि सव्वा किलो घेतली, तर तुम्ही कागद मागत नाही. चाळीस नि पावाचे दहा, झाले पन्नास. मनातल्या मनात होऊन जाते. तुमच्या आज्या-पणज्यांना तर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असे. तेव्हा आकडेमोड आपल्या रक्तातच आहे. मग आपले अडते कुठे? दोन ठिकाणी. एक, आपण लिहून ठेवत नाही. दोन, आपण पैशाची वाटणी करून पाहत नाही. आज ह्या दोनच गोष्टी आपण शिकू. त्यासाठी आम्ही तुम्हांला मुंबईला घेऊन जाणार आहोत, लालबाग-परळच्या एका खाणावळीत.

गिरणगावातली खाणावळ

मुंबईत ताडदेवला १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, भायखळा ह्या भागांत गिरण्याच गिरण्या झाल्या. त्या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून माणसे कामाला आली. तुमच्यापैकी किती तरी जणांचे आजोबा, चुलते, मामा तिथे राबले असतील.

बायकामुले गावी आणि बाप्या मुंबईला, अशी तेव्हाची रीत. एका खोलीत दहा-पंधरा जण राहत. दिवसपाळीचा रात्री झोपे, रातपाळीचा दिवसा झोपे. मग जेवायचे कुठे? त्यासाठी खाणावळी होत्या. चाळीतली एखादी बाई आपल्याच खोलीत दहा, वीस, तीस माणसांचा स्वयंपाक करी. जेवणाऱ्याला म्हणत मेंबर. मेंबराने दोन वेळा जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे.

इथेच खरी मेख होती. मेंबर आज जेवतो आणि पैसे महिन्याने देतो. हजारावर कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत करावा, अशी १९३६ च्या कायद्यात तरतूद होती. म्हणजे एक तारखेला जेवलेल्या घासाचे पैसे बाईच्या हाती यायला चाळीस दिवस लागत. तांदूळ, तेल, मासळी मात्र आजच आणायची. मग ती उधारीवर किराणा घेई. वाणी नाही म्हणाला की सावकाराकडे जाई.

पांढरी झालेली भिंत

आता एक घडलेली गोष्ट ऐका. १९७० च्या आसपासची आहे. आमच्या एका कार्यकर्तीच्या आईची परळला खाणावळ होती. नवरा छातीच्या दुखण्याने आजारी. पदरी दोन मुले. बाईने गावाकडचे आठ मेंबर जोडले आणि चूल पेटवली. हाताला चव होती. कष्टाला मागेपुढे पाहत नसे. पण लिहिता-वाचता येत नव्हते.

ती हिशेब कसा ठेवी? दाराआडच्या भिंतीवर कोळशाने खुणा केलेल्या. एका मेंबराची खूण पळी, दुसऱ्याची मासा, तिसऱ्याची टोपी. ज्याचे एका महिन्याचे पैसे थकले, त्याच्या खुणेपुढे एक रेघ. निम्मे दिले तर अर्धी रेघ. ती भिंत म्हणजेच तिची वही.

दिवाळी जवळ आली. बाई लालबागेत डंकावर मसाला कांडून आणायला गेली होती. थोरला मुलगा दहा वर्षांचा. त्याला वाटले, आई दमते, आपण खोलीला चुना काढू. त्याने चुना कालवला, काथ्याचा कुंचला घेतला आणि खोली लखलखीत करून टाकली. आई दारात आली तेव्हा तो हसत म्हणाला, "आई, घर कसं झकास झालं बघ!"

बाईने भिंतीकडे पाहिले. मुलाला तिने मारले नाही, रागावलीसुद्धा नाही. मसाल्याचा डबा खाली ठेवून ती भिंतीपुढे बसून राहिली.

रात्री पंगत बसली तेव्हा तिने मेंबरांना सारे सांगितले. पाच जणांनी आपापल्या रेघा आपणहून खऱ्या सांगितल्या. दोघांनी कमी सांगितल्या. एक जण दुसऱ्या दिवसापासून जेवायलाच आला नाही.

त्याच आठवड्यात सावकार आला. त्याच्या बगलेत वही होती. त्या वहीतला एक आकडाही पुसला गेला नव्हता. बाईने पूर्वी दिलेले दोन हप्ते मात्र त्यात नव्हते. "दिले होते," ती म्हणाली. "कुठं लिहिलंय?" तो म्हणाला. आणि बाईपाशी दाखवायला काय होते? पांढरी भिंत!

मंडळी, ह्या गोष्टीत बाई आळशी नव्हती, उधळी नव्हती, मूर्ख तर मुळीच नव्हती. सावकाराजवळ लिहिलेले होते, तिच्याजवळ नव्हते, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या दिवशी तिने चार आण्यांची वही आणवली. मुलाला समोर बसवले आणि म्हणाली, "तू पुसलंस ना? आता तूच लिही." त्या मुलाची धाकटी बहीण आज आमच्याबरोबर काम करते. ती वही तिने जपून ठेवली आहे. तीच पाहून आम्ही पुढचे धडे तुमच्यासाठी बेतले आहेत. आकडे आजच्या काळातले, समजायला सोपे असे घेतले आहेत.

धडा पहिला: रोजकीर्द

रोज आले किती, गेले किती, हे ज्या वहीत लिहितात तिला रोजकीर्द म्हणतात. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. पैसा हातात आला की डावीकडे. हातातून गेला की उजवीकडे. एवढेच.

समजा, सकाळी डब्यात कालची शिल्लक १२०० रुपये होती. आज तीन मेंबरांनी महिन्याचे पैसे दिले. दर मेंबरी ३३०० रुपये. तीन त्रिक नऊ, म्हणजे ९००० आणि वर ९००. झाले ९९००. शिल्लक धरून डावीकडची बेरीज ११,१००.

आज खर्च काय झाला? किराणा ५१५०, भाजी ४२०, मासळी ६८०, गॅस १८००. उजवीकडची बेरीज ८०५०.

आता ११,१०० मधून ८०५० वजा करा. राहिले ३०५०. रात्री डबा उघडून पैसे मोजायचे. ३०५० भरले तर हिशेब जुळला. २९५० भरले तर १०० रुपयांचा घोळ आहे. लगेच आठवा. "अगं, पोराला वह्या घ्यायला शंभर दिले होते!" बरोबर. मग तेही लिहा. पुढे 'घरखर्च' असे लिहा.

हा घरखर्च फार महत्त्वाचा आहे. धंद्याचा डबा आणि घराचा डबा एकच असला की पुष्कळ धंदे बुडतात. पैसे दिसतात म्हणून आपण खर्च करतो. पण ते पैसे आपले नसतात, ते वाण्याचे असतात, गॅसवाल्याचे असतात. डब्यातला सगळा पैसा म्हणजे नफा नव्हे, हे वाक्य घरी जाऊन भिंतीवर लिहिलेत तरी चालेल. हिशेब मात्र वहीतच लिहा!

रोजकीर्दीबरोबर दुसरी वही लागते, ती खतावणी. तिच्यात माणसागणिक एक पान. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या नावे लिहायचे, त्याने दिले की जमा करायचे. बाईची पळी, मासा, टोपी ही खतावणीच होती. फक्त ती कागदावर नव्हती.

धडा दुसरा: एका ताटाला खर्च किती?

आता वाटणीचे गणित. खाणावळीत वीस मेंबर आहेत. प्रत्येक जण दोन वेळा जेवतो. रोजची ताटे ४०. तीस दिवसांची ताटे १२००.

महिन्याचा खर्च असा: धान्य २४,०००. भाजी-मासळी १५,०००. तेल-मसाला ६०००. गॅस ५४००. हाताखालच्या मदतनीस बाईचा पगार ६०००. भाडे आणि वीज २४००. भांडी झिजतात, फुटतात, त्यासाठी बाजूला १२००. एकूण ६०,०००.

साठ हजाराला बाराशेने भागा. एका ताटाला ५० रुपये पडले. ताट ५५ रुपयांना दिले तर ताटामागे पाच रुपये सुटले. बाराशे ताटांचे ६०००. छान! नफा झाला.

थांबा. बाई पहाटे चार वाजता उठते आणि रात्री दहाला ओटा पुसते. तिचा पगार आपण कुठे धरला? मदतनीस बाईला ६००० दिले. मालकीणबाईला तेवढाच पगार धरला, तर नफा किती उरला? शून्य! ज्याला ती नफा समजत होती, ती तिचीच मजुरी होती. ही गोष्ट शेतकऱ्यालाही लागू आहे बरे का. तुम्ही कांदा विकता तेव्हा बियाणे, खत, मजुरी धरता. घरच्या चार माणसांनी शेतात काढलेले दिवस धरता का? धरून पहा. आपल्या कष्टाला आपणच मोल दिले नाही, तर दुसरा कशाला देईल?

आता ह्या ६०,००० चे दोन भाग करू. धान्य, भाजी-मासळी, तेल-मसाला, गॅस ह्यांची बेरीज ५०,४००. हा खर्च ताटांबरोबर चढतो-उतरतो. ताट कमी झाले की हाही कमी होतो. एका ताटाला तो ४२ रुपये पडतो. ह्याला हलता खर्च म्हणू. पगार, भाडे-वीज आणि भांडी मिळून ९६००. मेंबर वीस असोत की दहा, हा तसाच राहतो. ह्याला बसका खर्च म्हणू.

समजा, चार मेंबर गावी गेले. उरले सोळा. ताटे झाली ९६०. बसक्या ९६०० ला ९६० ने भागा. ताटामागे १० रुपये. हलते ४२ आणि हे १०, ताट पडले ५२ ला. नफा घटला, पण तोटा नाही.

समजा, दहाच मेंबर उरले. ताटे ६००. आता ९६०० भागिले ६००, म्हणजे १६. ताट पडले ५८ ला. विकतो आपण ५५ ला. प्रत्येक ताटामागे तीन रुपये खिशातून गेले. सहाशे ताटांचे १८०० रुपये तोटा. बाई तेवढीच राबली, जेवण तेवढेच रुचकर केले आणि महिन्याअखेर कर्जात गेली.

मग किती मेंबर हवेत? ताटाचे ५५ येतात, ४२ हलते जातात, उरतात १३. हे तेरा-तेरा रुपये साठून बसके ९६०० भरले पाहिजेत. ९६०० ला तेराने भागले तर ७३८ आणि वर थोडे येते, म्हणजे ७३९ ताटे हवीत. एका मेंबराची महिन्याला ६० ताटे. बारा मेंबरांची ७२०, ती अपुरी. तेरा मेंबरांची ७८०, ती पुरतात. म्हणून तेरा हा आकडा बाईने मनात कोरून ठेवायचा. चौदावरून मेंबर तेरावर आले की सावध व्हायचे. तोटा झाल्यावर जागे होण्यापेक्षा आधी जागे झालेले बरे.

मंडळी, हे नुसते पुस्तकातले गणित नव्हे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते. महिन्यांमागून महिने गेले. पुष्कळ कामगार गावी परतले. ज्या खाणावळी त्यांच्यावर चालत होत्या, त्या ओस पडल्या. पगारच नाही तर मेंबर पैसे कुठून देणार? ताटे घटली, थकबाकी वाढली. अनेक गिरण्या पुढे बंदच झाल्या. त्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. एवढा मोठा घाव कुणालाही हिशेबाने टाळता आला नसता, हे खरे. पण कुठल्या दिवशी हात आखडता घ्यावा, कुठल्या दिवशी दुसरे काम शोधावे, एवढे तरी हिशेब सांगतो.

धडा तिसरा: शेकडा म्हणजे काय, आणि कशावर?

आता लालबागेतून दादरला जाऊ. दादर स्टेशनाजवळ पश्चिमेला मोठा फुलबाजार आहे. पहाटेपासून तिथे झेंडू, शेवंती, मोगरा यांचे ढीग लागतात.

एका फुलवाल्याने दहा किलो झेंडू ७८ रुपयांनी घेतला. झाले ७८०. हमाली २०. एकूण ८००. तो म्हणतो, "मला किलो ८० ला पडला." पण दुपारपर्यंत दोन किलो फूल सुकले. विकायला उरले आठ किलो. आता ८०० ला आठाने भागा. किलो पडला १०० ला! त्याने ९० ने विकला असता तर दहा रुपये मिळवले असे त्याला वाटले असते. खरे तर दहा रुपये गमावले असते. भाजी, फळे, फुले, दूध विकणाऱ्याने नासाडी आधी वजा करायची आणि मग भाव काढायचा.

ह्या फुलवाल्याने आठ किलो फूल १२५ ने विकले. आले १०००. नफा २००. शेकडा किती? इथे दोन उत्तरे येतात. ८०० गुंतवले त्यावर २००, म्हणजे शेकडा २५. विक्री १००० ची झाली त्यावर २००, म्हणजे शेकडा २०. पैसा तोच, शेकडा निराळा. म्हणून कुणी शेकड्याची भाषा बोलला की लगेच विचारा, "कशावर?" हा चार अक्षरी प्रश्नच तुमचे पुष्कळ पैसे वाचवील.

आणखी एक गंमत. ५०० रुपयांच्या साडीचा भाव शेकडा दहाने वाढवला. झाले ५५०. मग पाटी लावली, 'शेकडा दहा सूट'. ५५० चा दहावा भाग ५५. साडी पडली ४९५ ला. वाढवले दहा, घटवले दहा, पण खरी सूट पाचच रुपये! पाटीवरची सूट पाहू नका. हातातून किती गेले ते पहा.

धडा चौथा: व्याज

आता सर्वांत जपून ऐकायची गोष्ट. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे होते. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर पैसे झाले. जुन्या काळी सावकार म्हणे, "रुपयाला महिना एक आणा." एक आणा! ऐकायला किती थोडा! पण सोळा महिन्यांत सोळा आणे, म्हणजे मुद्दलाएवढे व्याज. वर्षाचा दर शेकडा पंच्याहत्तर. आणे गेले, पैसे आले, पण बोलण्याची ती रीत राहिलीच. आता म्हणतात, "रुपयाला महिना दहा पैसे."

व्याज काढायची रीत सोपी आहे. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. दर महिन्याचा असेल तर मुदत महिन्यांत धरा. दर वर्षाचा असेल तर वर्षांत धरा. फसवणूक नेमकी इथे होते. समोरचा 'दहा' म्हणतो आणि महिन्याचे की वर्षाचे ते सांगत नाही.

१५०० रुपये कर्ज घेऊ. दर रुपयाला महिना दहा पैसे, म्हणजे महिन्याला शेकडा दहा. महिन्याचे व्याज १५०. वर्षाचे १८००. मुद्दल १५०० आणि व्याज १८००! आणि वर्षभर व्याज भरूनही मुद्दल डोक्यावर तसेच.

व्याज थकले आणि ते मुद्दलात मिळवले तर? १००० रुपये घेतले. एका महिन्याने ११००. दोन महिन्यांनी १२१०. तीन महिन्यांनी १३३१. बारा महिन्यांनी ३१३८ रुपये. ह्याला चक्रवाढ म्हणतात. चाकासारखी ती फिरते आणि माणूस तिच्याखाली येतो.

दुसरी चलाखी अशी: १००० चे कर्ज देताना पहिल्या महिन्याचे १०० आधीच कापून घेतात. हातात ९०० पडतात. व्याज मात्र १००० वर. म्हणून हातात किती पडले ते आधी मोजा. तोच तुमचा खरा मुद्दल.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना न्याय आहे. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नाही. सावकाराला परवाना लागतो आणि त्याने पावती द्यावी लागते. महाराष्ट्रात सावकारीवर २०१४ चा कायदा आहे. पण कायद्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तुमची वही नि पावती.

आता पुन्हा खाणावळीत या, पण ह्या वेळी जरा आनंदाने. १९६९ साली देशातल्या चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या. १९७२ साली गरिबांसाठी वर्षाला शेकडा चार दराने कर्ज देण्याची योजना आली. कागदावर चांगले होते. पण लालबागची खाणावळवाली बँकेत जाणार कशी? तारण द्यायला तिच्याजवळ पोळपाट-लाटण्याशिवाय काय होते?

तेव्हा गिरणगावात प्रेमाताई पुरव ह्या कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. गोवा मुक्तीच्या लढ्यातही त्यांनी भाग घेतला होता. त्यांनी १९७५ साली खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायांचे गट केले. एकीला दुसरी जामीन. एकीचा हप्ता चुकला तर गट विचारणार. ह्या जामिनावर बँकेने कर्ज दिले. ज्यांना कुणी दारात उभे करत नव्हते, त्या बाया खातेदार झाल्या.

करा हिशेब. मुद्दल तेच १५००. दर वर्षाला शेकडा चार. वर्षाचे व्याज ६० रुपये. एकीकडे १८००, दुसरीकडे ६०. मधला फरक १७४०. चूल तीच, हात तेच, मेंबर तेच. बाईच्या घामाचे १७४० रुपये फक्त दर बदलल्याने घरात राहिले.

तुमच्या गावातही बचत गट असतील. गटात महिन्याला शेकडा दोन घेत असतील, तर वर्षाचे चोवीस झाले, हे विसरू नका. पण तिथे व्याज गटातच राहते, म्हणजे त्यात तुमचाही वाटा असतो. तरीही वही मागा. कुणी कितीही ओळखीचे असो, वही मागायला लाजू नका. वही मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. वहीमुळे विश्वास टिकतो, भावाभावांतसुद्धा.

शेवटचे दोन शब्द

गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. पण खाणावळवालीचे गणित संपलेले नाही. तेच गणित तुमच्या दुधाच्या धंद्यात आहे, किराणा दुकानात आहे, कांद्याच्या चाळीत आहे, मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जातही आहे.

तेव्हा आज घरी जाताना एक वही घ्या. पहिल्या पानावर वर 'श्री' लिहा. खाली आजची तारीख घाला. मधोमध रेघ ओढा. डब्यातले पैसे मोजा आणि डावीकडे लिहा, 'शिल्लक'. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आकडा मात्र खरा हवा. ते पान पुरे झाले की आम्हांला दाखवायला आणा. आम्ही वाट पाहू.

घरी करून पहा

१. सकाळची शिल्लक ६५० रुपये. दुधाचे ८४० आले. पेंड ५६० ची आणली, औषध १३० चे. रात्री डब्यात किती हवेत?

२. वीस किलो टोमॅटो १८ रुपये किलोने घेतले. दोन किलो नासले. उरलेला किलो कितीला पडला?

३. ५००० रुपये कर्ज. महिन्याला शेकडा तीन. वर्षाचे व्याज किती?

४. तेच ५००० वर्षाला शेकडा बारा दराने मिळाले तर वर्षाचे व्याज किती? किती वाचले?

उत्तरे: १) ८०० रुपये. २) २० रुपये. ३) १८०० रुपये. ४) ६०० रुपये, १२०० रुपये वाचले.